बनगरवाडीचा मास्तर

पुढारीपण शिकवणारी पुस्तके हल्ली पुष्कळ निघतात. माणसे जिंकावी कशी, कामाला लावावी कशी, याचे नियम त्यांत क्रमवार दिलेले असतात. पण या विषयावरचे मराठीतले उत्तम पुस्तक कोणते, असे मला कोणी विचारले, तर मी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ पुढे करीन. ती प्रथम आली १९५४ च्या ‘मौजे’च्या दिवाळी अंकात; पुस्तक निघाले १९५५ साली.

कथा माणदेशातली, औंध संस्थानच्या काळातली. औंध आज सातारा जिल्ह्यात आणि माडगूळकरांचे माडगुळे सांगली जिल्ह्यात. पण ही वाटणी १९४९ ची. तिथल्या माळाला आणि अवर्षणाला ती ठाऊक नाही. धनगरांच्या अशा एका वाडीवर राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा पोरसवदा मास्तर येतो. शाळा आहे, पण पोरे मेंढरांमागे गेलेली.

दुसऱ्या एखाद्या लेखकाने इथे मास्तराच्या तोंडी विद्येच्या महतीवर भाषण घातले असते. माडगूळकरांचा मास्तर म्हाताऱ्या कारभाऱ्याचा आधार घेतो. आयबूसारखा सोबती जोडतो. लोक सांगतील ती बारीकसारीक कामे मुकाट्याने करतो. वाडीला शिकवण्याआधी तो वाडीचा ऋणी होतो. माझ्या मते कादंबरीचे मर्म इथे आहे. म्हणून पुढे तालीम बांधायची गोष्ट निघते, तेव्हा ती मास्तराची राहत नाही. सारी वाडी अंगमेहनतीला उभी राहते. ज्याला कुणाची गरजच भासत नाही, त्याच्यामागे माणसे गेलीच तर धाकाने जातात.

विनोदही याच नम्रतेतून येतो. खेडुताला हास्याचे बाहुले करणारे लेखन आपल्याकडे थोडे झाले नाही. इथे हसू येते ते बहुधा मास्तराच्या अवघडलेपणाचे; धनगरांच्या अडाणीपणाचे नव्हे. आणि बैल नाही म्हणून शेकूची बायको जुवाला खांदा देते, तेव्हा निवेदकाचा स्वर जराही चढत नाही.

एक उणे सांगितले पाहिजे. अंजी मनात ठसते, पण वाडीच्या विचारविनिमयात बायकांना जागा नाही. काळ तसा होता हे खरे; तरी मास्तरालाही ते कुठे खटकत नाही, हे मला खटकते.

शेवटी दुष्काळ पडतो. वाडी उठते, तालीम ओस पडते, मास्तरही निघतो. काही वाचकांना हा पराभव वाटतो. मला वाटत नाही. पुढारीपणाची पुस्तके यशापाशी संपतात. ही कादंबरी त्यापलीकडे जाऊन विचारते, की हाती काहीच उरले नाही तेव्हा माणसांशी जोडलेले नाते खरे होते का? मास्तर जाणाऱ्यांना अडवीत नाही, बोल लावीत नाही. उत्तर मिळते ते त्यातून.

आम्हां शिक्षकांना हा प्रश्न जुना झालेला नाही. दिवाळी सरली की जत, माणसारख्या तालुक्यांतली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि पटावरची नावे वर्गात दिसेनाशी होतात. गैरहजेरीची खूण करणे सोपे असते. त्या नावाचे घर कोणत्या फडावर गेले, हे ज्या मास्तराला ठाऊक असते, तो बनगरवाडीच्या मास्तराचा भाऊबंद.