चित्रकथांचा मेळावा आणि भावकाचा प्रश्न

राजशेखराने 'काव्यमीमांसे'त प्रतिभेचे दोन प्रकार मानले आहेत : कवीला उपकारक ती कारयित्री आणि भावकाला उपकारक ती भावयित्री. ह्या दोन शक्ती एकाच व्यक्तीच्या ठायी वसू शकतात काय, असा प्रश्न त्याने पुढे उपस्थित केला असून त्यावरील मतभेदही नोंदविले आहेत. कवी हाच भावक आणि भावक हाच कवी, असे एक मत. सोने प्रसवणारा दगड निराळा आणि सोने पारखणारा निराळा, असे दुसरे. आपल्याकडील समीक्षेने बहुतांशी दुसरे मत गृहीत धरून आपला संसार थाटला आहे. लेखक, समीक्षक आणि वाचक अशी त्रिस्थळी आपण पक्की करून टाकली, आणि ह्या तिघांनी एकमेकांस भेटावयाचे ते व्यासपीठाच्या दोन बाजूंना राहूनच, हेही ठरवून टाकले. प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार काव्याच्या नव्हे, तर चित्रकथेच्या संदर्भात, आणि तोही एका अगदी लहान मेळाव्याच्या आधारे करावयाचा आहे. विषय हलका वाटण्याचा संभव आहे; परंतु राजशेखराच्या प्रश्नाची प्रत्यक्ष परीक्षा इतक्या उघडपणे झाल्याचे दुसरे उदाहरण निदान प्रस्तुत लेखकास आढळलेले नाही.

चित्रकथांच्या चाहत्याविषयी सुशिक्षित समाजाचे मत फारसे चांगले नसते. राजशेखराने भावकांचे जे चार वर्ग सांगितले आहेत, त्यांपैकी सतृणाभ्यवहारी, म्हणजे गवतासकट सगळेच खाऊन टाकणारा, ह्या वर्गात त्याची गणना करून आपण मोकळे होतो. अरोचकी समीक्षकाला तो मुळीच सोसवत नाही. मत्सरी समीक्षकाला त्याची संख्या सोसवत नाही. तत्त्वाभिनिवेशी भावक हा राजशेखराच्या मते हजारांत एखादाच. तो ह्या गर्दीत सापडेल अशी अपेक्षा कोणी धरीत नाही. हा पूर्वग्रह सर्वस्वी निराधार आहे असे नाही. चाहता पुष्कळ वेळा पात्रांच्या प्रेमात इतका बुडालेला असतो की रेषा, चौकट, पानाची मांडणी ह्यांच्याकडे त्याचे लक्षच जात नाही. परंतु तो नेहमीच तसा असतो काय, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेतील चित्रकथा-मेळाव्यांचा उगम वाचकांच्या पत्रव्यवहारात आहे. मासिकांच्या पत्रसदरांत वाचकांची नावे संपूर्ण पत्त्यांसह छापली जाऊ लागली, आणि संपादकास लिहिणारे वाचक एकमेकांस लिहू लागले. 1961 साली 'ऑल्टर इगो'सारखी चाहत्यांनी चालविलेली पत्रे निघाली. 27 जुलै 1964 रोजी न्यू यॉर्क येथे एका दिवसाचा मेळावा भरला. उपस्थिती सुमारे शंभराची होती. 21 मार्च 1970 रोजी सॅन डिएगो येथील एका हॉटेलात भरलेला मेळावाही तेवढाच लहान होता. ह्या दुसऱ्या मेळाव्याचे पुढे काय झाले, ते सर्वविश्रुत आहे : चित्रपट-कंपन्यांच्या जाहिरातीचे ते एक प्रचंड पीठ बनले. तथापि आरंभीच्या त्या मेळाव्यांतही भेट मुख्यतः संग्राहकांची होती. जुने अंक विकत घ्यावेत, बदलावेत, आवडत्या चित्रकाराची स्वाक्षरी मिळवावी, असे तिचे स्वरूप. भावक तेथे भावकच राहिला. फार तर तो कारकाच्या अधिक जवळ जाऊन उभा राहिला. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने जपानातील उदाहरण अधिक फलदायी आहे.

जपानी भाषेत अशा हौशी प्रकाशनास 'दोजिनशी' असे नाव आहे. 'दोजिन' म्हणजे एका विचाराची, एका आवडीची माणसे. त्यांचे नियतकालिक ते दोजिनशी. 'समानधर्मा' हा आपला शब्द त्याच्या अगदी जवळचा आहे. ही संज्ञा मुळात चित्रकथेची नव्हे, साहित्याची. कोयो ओझाकी व त्याचे मित्र ह्यांच्या 'केन्यूशा' मंडळाने 1885 मध्ये काढलेले 'गाराकुता बुन्को' हे पत्र आरंभी हाताने लिहून सभासदांत फिरविले जात असे. चित्रकथेच्या क्षेत्रातही हीच रीत चालली. शोतारो इशिनोमोरी ह्यांनी शाळकरी वयात आपल्या मित्रमंडळासह काढलेल्या 'बोकुजू इत्तेकी' ह्या अंकाची एकच हस्तलिखित प्रत असे. ती एकाकडून दुसऱ्याकडे जाई. ज्याच्या हाती ती पडे तो वाचक असे, आणि बहुधा पुढील अंकाचा लेखकही तोच. पुढे 1967 साली ओसामू तेझुका ह्यांच्या पुढाकाराने 'कॉम' हे मासिक निघाले व त्यात हौशी चित्रकारांसाठी एक स्वतंत्र विभाग ठेवण्यात आला. देशभर विखुरलेली मंडळे ह्या विभागामुळे एकमेकांस ओळखू लागली. सत्तरीच्या आरंभी ते मासिक बंद पडले. मंडळे उरली, त्यांना जोडणारा धागा मात्र तुटला.

1972 पासून जपानात चित्रकथा-रसिकांचे एक वार्षिक संमेलन भरू लागले होते. त्याचा घाट आपल्या परिचयाचाच : व्यासपीठावर मान्यवर, खाली रसिक. 1975 साली ह्या संमेलनावर टीका करणाऱ्या एका व्यक्तीस सहभाग नाकारण्यात आला. ह्या घटनेच्या निषेधातूनच पुढचे सारे घडले, आणि ते घडविणारे लोक कोण होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ते चित्रकार नव्हते, व्यापारी नव्हते. ते समीक्षक होते. योशिहिरो योनेझावा, तेरुओ हारादा, जुन आनिवा इत्यादी तरुणांच्या मंडळाचे नाव 'मेइक्यू', म्हणजे भूलभुलैया. आणि त्यांच्या पत्राच्या नावातच नव्या चित्रकथा-समीक्षेची व्यवस्था उभारण्याची महत्त्वाकांक्षा होती. टीकेला जेथे जागा नाही तेथे आपण जाऊ नये, आपली जागा आपण निर्माण करावी, अशी त्यांची भूमिका होती. (मराठी वाचकास येथे जोतीराव फुले ह्यांनी 1885 साली ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण नाकारताना लिहिलेल्या पत्राचे स्मरण व्हावे. दोन्ही प्रसंगांचे सामाजिक वजन एक नाही. परंतु सभा कोणाची, हा प्रश्न दोन्हीकडे आहे.)

21 डिसेंबर 1975 रोजी टोकियोच्या तोरानोमोन भागातील अग्निशमन-भवनाच्या एका सभागृहात पहिले 'कॉमिक मार्केट' भरले. 32 मंडळांनी भाग घेतला. येणाऱ्यांची संख्या सुमारे 700 होती. आयोजकांनी मनाशी काय चित्र रंगविले असेल ते असो. प्रत्यक्षात जे लोक आले त्यांत बहुसंख्या माध्यमिक शाळांत शिकणाऱ्या मुलींची होती. मोतो हागिओ, केइको ताकेमिया, युमिको ओशिमा ह्या, 1949 च्या आसपास जन्मलेल्या, लेखिकांनी मुलींसाठीच्या चित्रकथेचे रूप त्या काळी आमूलाग्र पालटले होते. चौकटीच्या कडा पुसून टाकणे, पात्राचे स्वगत पानभर विखुरणे, काळाचा क्रम मोडणे ह्या गोष्टी त्यांनी सहजपणे रूढ केल्या. प्रौढ समीक्षकांपैकी फारच थोड्यांनी ह्या पालटाची तेव्हा गंभीरपणे दखल घेतली. ती घेतली होती ह्या मुलींनी. योनेझावा ह्यांनी पुढे 1980 मध्ये युद्धोत्तर काळातील मुलींच्या चित्रकथेचा इतिहास ग्रंथरूपाने सिद्ध केला, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. आपल्या मेळाव्यात कोण येते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

ह्या मेळाव्याची रचना समजून घेतली पाहिजे. पुढे रूढ झालेल्या पद्धतीनुसार प्रत्येक मंडळास लांब मेजाचा अर्धा भाग आणि दोन खुर्च्या मिळतात. मेजावर आपण स्वतः लिहून, काढून, छापून, टाचून आणलेल्या पुस्तिका मांडावयाच्या. समोरचा मनुष्य थांबतो, पुस्तिका उचलतो, उभ्या उभ्या चाळतो. निर्मात्याला आपल्या वाचकाचे वाचन प्रत्यक्ष दिसते, ही अनुभूती कादंबरीकारास जन्मात लाभत नाही. कोणत्या पानावर डोळे थबकले, कोठे भराभर पाने उलटली गेली, कोठे ओठ हलले, हे सारे हातभर अंतरावरून दिसते. नंतर पुस्तिका घेतली जाते, किंवा मुकाट्याने परत ठेवली जाते. परत ठेवण्याची ही क्रिया कोणत्याही परीक्षणापेक्षा स्पष्ट असते. थोड्या वेळाने मेजामागचा मनुष्य आपल्या सोबत्यास बसवून उठतो आणि दुसऱ्याच्या मेजासमोर जाऊन उभा राहतो. म्हणजे एकाच दिवसात, एकाच छपराखाली, तोच मनुष्य कारक होतो व भावकही होतो. आयोजकांनी ह्या व्यवहारास एक सूत्र दिले : येथे ग्राहक कोणीच नाही, मांडणारे, येणारे आणि व्यवस्था पाहणारे स्वयंसेवक हे सर्व सारखेच सहभागी. दिवस संपल्याची घोषणा होते तेव्हा सभागृहातील सर्वजण टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या व्यासपीठाकडे तोंड करून वाजविलेल्या नसतात, कारण व्यासपीठच नसते.

राजशेखराने वर्णिलेल्या राजसभेशी ह्या सभागृहाची तुलना मनोरंजक ठरेल. तेथे मध्यभागी राजाचे आसन. उत्तरेस संस्कृत कवी, पूर्वेस प्राकृत, पश्चिमेस अपभ्रंश, दक्षिणेस पैशाची. चित्रकारांना जागा आहे ती अपभ्रंश कवींच्या पाठीमागे, सोनार-सुतारांच्या शेजारी. भाषेची व कलेची उतरंड तेथे बैठकीतच कोरलेली आहे. टोकियोच्या सभागृहात चित्रकारांना बसण्यास स्वतंत्र जागा मिळाली, एवढेच घडले नाही. मधले आसन काढून टाकले गेले. काव्याची परीक्षा करणारा राजा नाहीसा झाल्यावर परीक्षा कोणी करावयाची? उत्तर असे की सर्वांनी, आणि पुष्कळदा नवी कृती रचून.

हे कसे, ते विडंबनाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. हागिओ ह्यांची 'पो नो इचिझोकु' ही अमर किशोरांची कथा त्या काळी अतिशय गाजत होती. मेइक्यूच्या समीक्षापत्रातच तिचे विडंबन प्रसिद्ध झाले. शीर्षकात एका अक्षराचा फेरफार करूनच त्याला आरंभ होतो. समीक्षेच्या पत्रात विडंबन छापले जावे, ह्यात विसंगती मुळीच नाही. विडंबनकाराला मूळ कृतीची चाल अवगत असावी लागते : तिचे विराम, तिचे मौन, तिचे लाडके कोन. हे न जाणता केलेले विडंबन फसते, आणि ते फसल्याचे मूळ कृती मुखोद्गत असलेल्या वाचकास तत्काळ कळते. ह्या अर्थी उत्तम विडंबन हे रसग्रहणाचे अत्यंत काटेकोर रूप आहे. भावयित्री प्रतिभेने येथे कारयित्रीचे वस्त्र परिधान केले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि येथेच एक अडचण उभी राहते, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मेइक्यूने जागा मागितली होती ती टीकेसाठी. मिळाली ती बाजारासाठी. समीक्षेच्या पुस्तिकांचा एक विभाग ह्या मेळाव्यात आजही असतो; परंतु विडंबने व पात्रप्रेमातून स्फुरलेल्या कथा ह्यांच्या महासागरात तो एखाद्या बेटासारखा आहे. विडंबन जे उमजते ते सांगू शकते. एखादी कृती का फसली, तिच्या यशाची किंमत कोणी मोजली, हे त्याला सहसा सांगता येत नाही. शिवाय समोरासमोरच्या भेटीची एक स्वतःची भिडस्त नीती असते. चार महिने खपून पुस्तिका काढणारी सोळा वर्षांची मुलगी हातभर अंतरावर बसली असता तिला तिच्या रेखाटनातील दोष कोण सांगणार? कोणी सांगत नाही; आणि ते स्वाभाविक आहे. परंतु त्यामुळे प्रतिकूल मताला शब्दच उरत नाहीत. ते केवळ पुस्तिका परत ठेवण्याच्या मूक क्रियेत उरते, आणि मूक क्रियेशी वाद घालता येत नाही. टीकेला सभेतून बाहेर काढल्याच्या रागातून जो मेळावा जन्मला, त्यात टीकेला कोणीही बाहेर काढले नाही. ती सौजन्यामुळे आपण होऊन मागे सरली. संस्थापकांनी ह्याचा विचार केला नसेल असे वाटत नाही. योनेझावा 1980 पासून 2006 मधील मृत्यूपर्यंत मेळाव्याचे प्रमुख राहिले आणि समीक्षाही लिहीत राहिले. पण ही दोन कामे त्यांना दोन ठिकाणी करावी लागली.

वाढीचा इतिहास थोडक्यात पुरे. ऐंशीच्या दशकात संख्या झपाट्याने वाढली. 'क्लॅम्प'सारखी मंडळे दोजिनशीतून व्यावसायिक क्षेत्रात गेली. 1991 साली अश्लीलतेच्या आरोपावरून दोजिनशींशी संबंधित काही जणांवर कारवाई झाली, माकुहारी येथील सभागृह मेळाव्याला नाकारले गेले व तो पुन्हा टोकियोतील हारुमी येथे न्यावा लागला. 1996 पासून तो 'टोकियो बिग साइट' ह्या प्रदर्शन-भवनात भरू लागला. डिसेंबर 2019 मधील चार दिवसांत उपस्थिती साडेसात लाखांवर गेली. संख्येचा हा प्रकार पाहून लहान मेळाव्याचा आत्मा लोपला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो निष्कर्ष अपुरा आहे. मेज अद्याप अर्धेच आहे आणि खुर्च्या दोनच. साडेसात लाखांच्या गर्दीतही भेट होते ती दोघांचीच. सॅन डिएगो येथे आसन वाढले. टोकियोत आसनांची संख्या वाढली. हा भेद वाढीच्या प्रमाणाचा नसून घडणीचा आहे.

टीकेच्या अडचणीला मात्र वेगळे उत्तर शोधणे भाग होते, आणि ते 1984 मध्ये निघालेल्या 'कोमितिया' ह्या तुलनेने लहान मेळाव्यात काही अंशी मिळते. तेथे केवळ स्वतंत्र कृती स्वीकारल्या जातात. विडंबनास प्रवेश नाही. मेळाव्याच्या सूचिग्रंथात मागील वेळच्या निवडक पुस्तिकांची परीक्षणे छापली जातात, आणि मांडलेल्या पुस्तिकांच्या नमुना-प्रती निवांत बसून वाचण्याची सोयही केली जाते. म्हणजे भेट मेजावर आणि मत कागदावर, अशी विभागणी तेथे झाली आहे. भिडेने जे तोंडाने बोलवत नाही ते सही करून लिहिता येते. ह्या विभागणीने राजशेखराचे दोन दगड पुन्हा वेगळे झाले, असा आक्षेप कोणी घेईल. पण ते एकाच सभागृहात वेगळे झाले आहेत, आणि लिहिणारा उद्या मेजामागे बसणार आहे.

आपल्याकडील अनियतकालिकांशी ह्याचे नाते उघड आहे. पन्नाशीच्या दशकातील चक्रमुद्रित 'शब्द' किंवा 1963 मधील 'असो' ह्यांचेही वाचक पुष्कळसे लेखकच होते, आणि प्रस्थापित सभेला पाठ दाखविण्याची वृत्तीही तीच. त्यांना नसलेली गोष्ट म्हणजे ठरलेला दिवस आणि ठरलेले सभागृह. ते अंक हातोहात व टपालाने गेले, आणि हातोहातच हरवले. आज एखादा अंक पाहावयाचा तर कोणाच्या तरी घरची पेटी उघडावी लागते. टोकियोत प्रत्येक मंडळाला आपल्या पुस्तिकेची एक नमुना-प्रत आयोजकांकडे द्यावी लागते. मेइजी विद्यापीठात 2009 साली योनेझावा ह्यांच्या संग्रहावर उभारलेले स्मारक-ग्रंथालय उघडले असून अशा प्रती काही मुदतीपुरत्या तेथे अभ्यासकांस पाहावयास मिळतात. एखाद्या काळातील अज्ञात भावकांनी काय वाचले आणि ते कसे वाचले, ह्याचा पुरावा इतक्या मोठ्या प्रमाणावर अन्यत्र क्वचितच जतन झाला असेल. भवभूतीने समानधर्म्याची वाट पाहताना काळ अनंत आणि पृथ्वी विपुल असल्याचा दिलासा घेतला होता. ह्या मुलींनी एक दिवस आणि अर्धे मेज मागून घेतले, आणि शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे ते पाहिले.