'असाइन्ड' वऱ्हाड : जुन्या इंग्रजी शब्दांचे अर्थ आणि स्थानिक इतिहासाचे मराठी लेखन

वाशीम परिसराचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास अभ्यासू पाहणाऱ्यास इंग्रजी साधनांवाचून गत्यंतर नाही. ए. सी. लायल यांनी संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटिअर १८७० मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळच्या इंग्रजी लेखनात वाशीम 'बासिम' या रूपाने भेटते. हे इंग्रजी आपणांस परिचित वाटते आणि नेमकी तेथेच गफलत होते. सर्वस्वी अनोळखी शब्द आला म्हणजे वाचक कोश उघडतो. ओळखीच्या शब्दासाठी तो उघडत नाही. वाशीमच्या पद्मतीर्थासारख्या बांधीव जलाशयास त्या काळचे इंग्रजी 'टँक' म्हणते. त्याची मराठीत 'टाकी' होते. 'कॉर्न' म्हणजे धान्य. आजच्या विद्यार्थ्यास त्यात मका दिसतो आणि ज्वारीच्या मुलखात मक्याची शेते डोलू लागतात. अशा चुका हसून सोडून देता येतील. 'असाइन्ड' हा शब्द मात्र तसा सोडता येत नाही.

२१ मे १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिवकडील प्रदेश कंपनी सरकारकडे सोपविला. त्यामुळे वऱ्हाडचे सरकारी नाव 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' असे पडले. आपल्याकडील लेखनात याचे भाषांतर 'दिलेले जिल्हे', 'हस्तांतरित जिल्हे' किंवा सरळ 'इंग्रजांनी घेतलेले जिल्हे' असे आढळते. या तिन्हींतून मालकी बदलल्याचा बोध होतो. मूळ शब्द तसे सांगत नाही. याच निजाम घराण्याने १८०० मध्ये बल्लारी, कडप्पा आदी मुलूख कंपनीला दिला, त्यास 'सीडेड' म्हटले गेले. तो मद्रास इलाख्यात गेला तो कायमचा. १८५३ मध्ये 'सीडेड' हा शब्द हाताशी असताना 'असाइन्ड' योजला गेला. प्रदेश निजामाचाच राहावयाचा, त्याचे उत्पन्न हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चास लावावयाचे आणि शिल्लक निजामास द्यावयाची, असा त्याचा आशय होता. ('कंटिंजंट' म्हणजे येथे वाट्याचे सैन्य, महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकातील 'कंटिंजन्सी'शी त्याचा संबंध जोडण्याचा मोह आवरावा.)

मराठी अभ्यासकास ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. फौजेच्या बेगमीसाठी महाल लावून देणे ही मराठेशाहीतील सरंजामाची रीत होती. महसूल सरंजामदाराने घ्यावा, राज्य मात्र छत्रपतींचे. तेव्हा 'फौजेच्या खर्चास लावून दिलेले जिल्हे' हे भाषांतर लांबट असले तरी प्रस्तुत लेखकाच्या मते अधिक नेमके आहे. ते आधुनिक इंग्रजी कोशातून सापडणार नाही; तेथे 'असाइन' म्हणजे काम नेमून देणे हा अर्थ पुढे येतो. मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला व टॉमस कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा, म्हणजे या तहाच्या अवघ्या सहा वर्षे आधीचा आहे. शब्द ज्या पिढीचा, कोशही त्याच पिढीचा असावा, ही साधी शिस्त आपल्या संशोधनात अद्याप रुजलेली नाही. कँडींचा मराठी शब्द आणि ऑक्सफर्डच्या ऐतिहासिक कोशातील कालक्रमाने मांडलेले अर्थ शेजारी ठेवून पाहिले, तर पुष्कळ कोडी उलगडतात.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. १८६० च्या तहाने रायचूर व धाराशिव परत गेले आणि वऱ्हाड इंग्रजांकडे 'इन ट्रस्ट' राहिले. 'ट्रस्ट' म्हणजे 'विश्वास' असे लिहून चालत नाही. तो विश्वस्ताने धरलेला ठेवा होय, आणि ठेव परत मागता येते. सर सालारजंग यांनी पुढे वऱ्हाड परत मिळविण्यासाठी जो दीर्घ पाठपुरावा केला, त्याचा आधार हाच होता. वऱ्हाड कायद्याच्या दृष्टीने 'ब्रिटिश इंडिया' नव्हते. कलकत्त्यात संमत झालेले कायदे येथे आपोआप लागू होत नसत. ते गव्हर्नर जनरलच्या स्वतंत्र आदेशाने लागू करावे लागत. 'हस्तांतरित' असे भाषांतर करणाऱ्यास ही व्यवस्था उगाच गुंतागुंतीची वाटते.

१९०२ च्या करारातील 'लीज इन पर्पेच्युइटी' तर मुळातच विचित्र शब्दप्रयोग आहे. पट्ट्यास मुदत अपेक्षित असते. येथे मुदत कधीच संपणार नाही. वार्षिक २५ लाख रुपये घेऊन निजामाने वऱ्हाड कायम पट्ट्याने दिले, पण त्याच करारात त्याच्या सार्वभौमत्वाचा पुनरुच्चार झाला. म्हणून '१९०२ मध्ये वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात विलीन झाले' हे वाक्य कितीही वेळा छापले गेले तरी चुकीचेच आहे. १९०३ मध्ये मध्य प्रांताशी जोड झाली ती कारभारापुरती. १९०५ मध्ये बासिम जिल्हा मोडून वाशीम व मंगरूळ अकोल्याकडे आणि पुसद यवतमाळकडे गेले, तीही कारभाराचीच फेररचना होती. सार्वभौमत्वाचा धागा १९३६ पर्यंत तुटला नव्हता. त्या वर्षीच्या करारानंतर निजामाच्या वारसास 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. तिचे मराठी 'वऱ्हाडचा राजपुत्र' असे सहज होते. परंतु वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चालत असताना या पदवीत 'ऑफ' या शब्दयोगी अव्ययाचा अर्थ काय, हे १८५३ चा 'असाइन्ड' समजल्याखेरीज विद्यार्थ्यास सांगता येत नाही.