खाटकाच्या पोराचा प्रश्न

के-ड्रामा बघणाऱ्यांना 'सेकंड लीड सिंड्रोम' समजावून सांगावा लागत नाही. नायिका कोणाची होणार हे पोस्टरवरच कळलेलं असतं, तरी आपला जीव त्या दुसऱ्यात अडकतो. याचं नेहमीचं स्पष्टीकरण सोपं आहे. नायक सुरुवातीला उद्धट असतो, दुसरा मात्र पहिल्यापासून चांगला वागतो. तो ऐकून घेतो, थांबतो, काही मागत नाही. एवढं करून त्याच्या पदरात काहीच पडत नाही, म्हणून आपण हळहळतो.

'मिस्टर सनशाईन'मधल्या गु दोंग-मेला हे स्पष्टीकरण लागू होत नाही, कारण तो चांगला वागतच नाही. तो तलवार लावून बाजारात दहशत घालतो, पैशासाठी माणसं मारतो, जपानी टोळीचा हस्तक म्हणून राहतो. ज्या को ए-शिनवर त्याचा जीव आहे तिच्याच पायावर तो गोळी झाडतो. पुढे तिचे केसही कापतो. तरी २०१८ साली टीव्हीएनवर आलेल्या या २४ भागांच्या मालिकेतलं कोण मनात राहिलं असं कोणी विचारलं, तर माझं उत्तर यू यॉन-सकने उभा केलेला हा खाटकाचा पोरगा हेच आहे. का, ते तपासून बघण्यासारखं आहे. (पुढे मालिकेचा शेवटही येणार आहे. बघायची राहिली असेल तर आधी बघून या.)

दोंग-मे बेकजोंग जमातीचा. जोसोन काळात जनावरं कापणारे, कातडं कमावणारे, टोपल्या विणणारे हे लोक समाजाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर होते. त्यांनी वस्ती वेगळी करायची, रेशीम घालायचं नाही, इतरांच्या लहान पोरांशीही अदबीने बोलायचं. १८९४च्या गाबो सुधारणांनी जन्माने ठरलेले दर्जे कायद्याने रद्द केले, पण कायदा गावात पोचायला वेळ लागतो. हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

दोंग-मेचे आईबाप गावकऱ्यांच्या हातून मरतात. जीव घेऊन पळणाऱ्या त्या पोराला छोटी ए-शिन आपल्या पालखीत लपवते. सगळ्यांचेच जीव मोलाचे असतात, असं काहीसं ती त्याला सांगते. तो उपकार मानत नाही. उलट, सुखात लोळणारी उमराव घराण्यातली पोरगी म्हणून तिला हिणवतो. पुढची सगळी वर्षं दोघंही या एका वाक्याभोवती फिरत राहतात. तिला ते सलत राहतं. त्याला तिचा चेहरा विसरता येत नाही.

माझ्या मते हे दृश्य प्रेमकथेची सुरुवात म्हणून बघितलं की त्यातलं अर्धं हातातून निसटतं. त्या पोराचं म्हणणं तिखट आहे, पण खोटं नाही. सगळे जीव सारखे आहेत हे पालखीत बसून म्हणता येतं. पालखी वाहणाऱ्याला किंवा पालखीत लपावं लागणाऱ्याला ते वाक्य तितकं सहज सुचत नाही.

आता नायकाकडे बघा. ली ब्युंग-हुनचा युजिन चोईसुद्धा तळातलाच आहे. तो गुलामाच्या पोटी जन्मला. १८७१ साली तोही असाच पळाला, अमेरिकेला पोचला आणि तिथल्या मरीन दलाचा कॅप्टन होऊन परतला. दोघांनाही जोसोनने हाकललं, दोघंही परक्या देशाचं बळ घेऊन परत आले. एकाला अमेरिकेचा गणवेश मिळाला, दुसऱ्याला जपानची तलवार. कोरियाचा पुढचा इतिहास माहीत असलेल्या प्रेक्षकासाठी नायक कोण हे तिथेच ठरतं.

मालिकेतला सगळ्यात मोठा प्रश्न युजिन ए-शिनला विचारतो. तू जो जोसोन वाचवायला निघाली आहेस, त्यात कोण राहणार? खाटकाला जगता येईल का? गुलामाला जगता येईल का? तिच्याकडे उत्तर नसतं. लेखिका किम उन-सूकने लिहिलेला हा बहुधा सगळ्यात धारदार प्रसंग. पण बघा, खाटकाबद्दलचा प्रश्न खाटकाचा मुलगा विचारत नाही. तो हजरही नसतो. राजकारण युजिनच्या वाट्याला येतं आणि दोंग-मेच्या वाट्याला फक्त प्रेम.

हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. १९३१ साली मुंबईत मणिभवनात गांधींना भेटले तेव्हा, आपल्याला मायभूमी नाही, असं आंबेडकर म्हणाल्याचं प्रसिद्ध आहे. ज्या मातीत आपल्याला माणूस धरत नाहीत तिच्यासाठी मरायचं ते का, हा त्यातला सवाल. आंबेडकरांनी तो स्वतःच्या तोंडाने विचारला आणि आयुष्यभर त्याचा पाठपुरावा केला. दोंग-मेच्या रागाखालीही तोच सवाल आहे. पण तो जेव्हा जेव्हा वर येऊ बघतो तेव्हा कॅमेरा त्याच्या डोळ्यांवर जातो, संगीत सुरू होतं आणि सवालाचा विरह होतो.

याला एक बाहेरची घटनाही जोडलेली आहे. मालिका सुरू झाली तेव्हा दोंग-मे ज्या संघटनेचा माणूस दाखवला होता ती खरीखुरी जपानी अतिराष्ट्रवादी संघटना होती. कोरियन प्रेक्षक चिडले. जपानधार्जिण्या माणसाला करुण पूर्वकथा देऊन त्याचं उदात्तीकरण चाललंय, असा आक्षेप होता. निर्मात्यांनी माफी मागितली आणि संघटनेचं नाव बदलून 'मुसिनहे' हे काल्पनिक नाव दिलं. चीड समजण्यासारखी आहे. जपानी राजवटीची जखम तिथे अजून ओली आहे. पण नाव बदलल्याने झालं काय? खरी संघटना राहिली असती तर दोंग-मेची कीव करणं अवघड गेलं असतं आणि करायची तर किंमत मोजून करावी लागली असती. काल्पनिक टोळीतल्या गुंडासाठी रडायला काही लागत नाही.

तरी एका ठिकाणी मालिका त्याला पूर्ण न्याय देते. ते ठिकाण म्हणजे नाणं. ए-शिन त्याचे पैसे देणं लागते. तो ते एकदम घेत नाही. महिन्याला एकच नाणं द्या, म्हणतो. सगळे याला भेटीचं निमित्त समजतात आणि ते आहेच. पण मला त्यात आणखी काही दिसतं. लहानपणी तिने त्याला जीव फुकट दिला. फुकट मिळालेलं माणसाला कायम खाली ठेवतं. इथे पहिल्यांदाच देणेकरी ती आहे आणि सावकार खाटकाचा पोरगा. दर महिन्याला ती स्वतः चालत येते, हिशोब चुकता करते, जाते. प्रेम मिळणार नाही हे त्याला ठाऊक आहे. त्याला व्यवहार हवाय, कारण व्यवहार बरोबरीच्या माणसांत होतो.

म्हणून गोळी आणि केस यांचं समर्थन करायची मला गरज वाटत नाही. तिला वाचवण्यासाठी केलं, हे कारण मालिका पुढे करते. ते मला पटत नाही. दुसऱ्याच्या शरीरावर आपण ठरवू तसं संरक्षण लादणं ही जबरदस्तीच आहे. सहानुभूती म्हणजे माफीपत्र नव्हे. त्याची जखम खरी आहे आणि त्याने केलेल्या जखमाही खऱ्या आहेत.

शेवटी त्याचेच जपानी साथीदार त्याला घोड्याला बांधून फरफटत नेतात. आईबापांना जोसोनच्या लोकांनी मारलं, त्याला जपान्यांनी. मालिकेच्या शेवटाकडे १९०७च्या सुमाराच्या स्वयंसेवी सैनिकांचं ते प्रसिद्ध छायाचित्र पडद्यावर पुन्हा उभं राहतं. मूळ फोटो एफ. ए. मॅकेंझी या पत्रकाराने काढला होता. त्या चौकटीत दोंग-मेसारख्याला जागा नाही.

१९२३ साली जिंजू शहरात बेकजोंगांनी समतेसाठी संघटना काढली, ह्योंगप्योंगसा. नावातच तराजू आहे, खाटकाच्या रोजच्या हातातला, दोन्ही पारडी सारखी असलेला. मालिकेची कथा त्याच्या बरीच आधी संपते. दोंग-मे जगला असता तर तेव्हा पन्नाशीच्या आसपास असता. ए-शिनने त्याला निवडावं असं मला एकदाही वाटलं नाही. त्याला त्या जिंजूच्या सभेत मागच्या रांगेत बसलेला बघायला मात्र आवडलं असतं.