सामायिक फाइल आणि हरवलेला पूर्वपक्ष

मागच्या व्याख्यानानंतर काही शिक्षकांनी विचारले होते, की माध्यमिक शाळेतली मुले आता गूगल डॉक्सवर मिळून प्रकल्प लिहितात, याला तुम्ही सहकार्य म्हणाल की नाही? आम्ही हा प्रश्न जरा टाळतच होतो. कारण हे साधन आम्हाला आवडते. निवृत्तीनंतर एका जुन्या विद्यार्थ्याबरोबर आम्ही एक लेख असाच लिहिला. तो परगावी, आम्ही इथे, आणि आमच्या डोळ्यांदेखत तो आमचे लांबलचक वाक्य कापतो आहे! मजा आली. पण आवडीची गोष्टही तपासावी लागतेच.

एक उदाहरण घेऊ. आमच्या ओळखीच्या एक बाई नववीला शिकवतात. गावाचे नाव राहू द्या. जलसुरक्षा विषयाच्या प्रकल्पासाठी पाच मुलांच्या एका गटाला गावातल्या जुन्या विहिरींची माहिती गोळा करायची होती. बाईंनी एक सामायिक फाइल उघडून लिंक पाठवली. पंधरा दिवसांत फाइल तयार. विहिरींचा व्यास, खोली, उन्हाळ्यातली पाण्याची पातळी, फोटो, सगळे होते. बाईंनी ती आम्हाला कौतुकाने दाखवली, आणि कौतुक करण्यासारखी ती होतीच.

आम्ही सहज म्हटले, हिची व्हर्जन हिस्टरी बघू या. ज्यांनी हे उघडून पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो: कोणी केव्हा काय लिहिले आणि काय पुसले, याची नोंद फाइलमध्येच राहते, प्रत्येकाचा रंग वेगळा. तिथे पहिली गंमत अशी, की मुलांची नावेच नव्हती. दोघींच्या आया, एकाचे काका, एकाच्या वडिलांचे दुकान! मुले घरच्यांच्या फोनवरून लिहीत होती. कोणता रंग कोणाचा, हे बाईंनाच जुळवावे लागले.

दुसरी गोष्ट गमतीची नव्हती. एका मुलीने लिहिले होते, की देवळामागच्या विहिरीवर पूर्वी काही लोकांना पाणी भरू देत नसत, त्यांना लांबूनच ओंजळीत पाणी वाढत, असे आजी सांगते. दुसऱ्या दिवशी रात्री दुसऱ्या एका रंगाने ते वाक्य पुसले. त्या जागी आले, 'ही विहीर सर्व गावाची तहान भागवत असे.' शेजारी टिप्पणी नाही, प्रश्न नाही. त्यानंतर त्या मुलीच्या रंगात फक्त फोटोंखालच्या ओळी दिसतात. 1927 सालचा महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह या मुलांना ठाऊक आहे, पाठ्यपुस्तकात आहे. आपल्याच गावच्या विहिरीबद्दलचे वाक्य मात्र दोन दिवसही टिकले नाही. आणि गटाला पूर्ण गुण.

आता कोणी म्हणेल, हे कागदावरही होतेच. होतेच की. आमच्या लहानपणी शाळेच्या भित्तिपत्रकात ज्याचे अक्षर सुवाच्य तोच संपादक, आणि त्याला जे पटले नाही ते भिंतीवर चढतच नसे. जुन्या काळाचे गोडवे आम्हाला गायचे नाहीत. पण तिथे निदान दुसऱ्याच्या हातातून कागद घ्यावा लागे, खोडलेले दिसे, भांडण होई. इथे भांडणाची गरजच उरत नाही. दोन मुले एकाच ओळीत एकाच क्षणी टंकू लागली, तरी अक्षरांचा क्रम मागची प्रणाली लावून देते आणि दोघांच्या पडद्यावर शेवटी तोच मजकूर येतो. संगणकशास्त्राच्या दृष्टीने हे मोठेच काम आहे. पण त्यातून हमी मिळते ती एवढीच, की सगळ्यांना एकच मजकूर दिसतो आहे. सगळ्यांना तो मान्य आहे, हे आपण आपल्या पदरचे जोडतो. आमचा आक्षेप आहे तो इथे.

न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत, ते आपल्यापैकी अनेकांना माहीत असतील. सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची केवळ मोडायची ती वितंडा. मराठीत आपण 'वाद नको' म्हणतो, म्हणजे तिघांतला चांगला तेवढा नेमका बाहेर काढतो! न्यायसूत्रांत हा वाद कोणाशी करावा तेही सांगितले आहे: गुरूशी, शिष्याशी, सहाध्यायांशी, मत्सर नसलेल्यांशी. सहाध्यायी म्हणजे आपली ही नववीची मुलेच की. आणि वादाला पक्ष लागतो तसा प्रतिपक्षही लागतो. आपल्या दर्शनग्रंथांत पूर्वपक्ष पुसून टाकत नाहीत, तो आधी नीट मांडतात आणि मग खोडतात. चार्वाकांचे म्हणणे आज आपल्याला कळते ते बहुतांशी त्यांना खोडणाऱ्यांच्या ग्रंथांतून. विरोधकांनी ते लिहून ठेवले म्हणून. त्या मुलीच्या आजीला तेवढाही विरोधक मिळाला नाही.

यात दोष सगळा साधनाचा आहे असे आम्ही म्हणत नाही. विकिपीडियावर, 2003 पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियावरसुद्धा, लेखाला जोडून चर्चापान असते. गूगल डॉक्समध्येही सुचवण्याची सोय आहे: वाक्य लगेच जात नाही, त्यावर रेघ येते, आणि कोणीतरी ते स्वीकारावे किंवा नाकारावे लागते. शाळेत ती वापरत नाहीत, कारण शिक्षकाला हवी असते तयार फाइल. चाळीस-पन्नास मुलांचे गट, वर परीक्षेची कामे, इतिहास उघडून बघायला वेळ कुठून आणायचा? बाईंना दोष देणे आम्हाला जमणार नाही.

बाईंनी त्या मुलीला बोलावून ते वाक्य परत घालायला सांगितले. ती म्हणाली, 'जाऊ दे ना बाई.' ते परत आले नाही.

पुढच्या प्रकल्पाला बाईंनी सुचवण्याची सोय सुरू करून दिली. पहिल्या आठवड्यात मुलांनी सगळ्या सूचना एका झटक्यात स्वीकारल्या, न वाचता. मग नियम केला: दुसऱ्याचे वाक्य काढायचे तर शेजारी कारण लिहायचे, आणि ज्याचे वाक्य त्याने उत्तर दिल्याशिवाय ते जाणार नाही. काम दुपटीने लांबले. दोन गटांत अबोला झाला. एका गटाची फाइल मुदतीत पुरी झालीच नाही, आणि बाईंच्या मते त्या सत्रातले सगळ्यात चांगले लिखाण तिच्या कडेच्या टिप्पण्यांत होते. आता त्या विचारतात, सर, याला गुण कुठल्या रकान्यात देऊ? आम्हाला उत्तर सुचलेले नाही. श्रोत्यांत शिक्षक बरेच दिसताहेत, तेव्हा प्रश्नोत्तरे इथूनच सुरू करू या.