'मुंबईचे वर्णन' आणि 'माझा प्रवास' : यंत्र आणि सत्ता

एकोणिसाव्या शतकातील स्थित्यंतराचा विचार बहुधा दोन स्वतंत्र कप्प्यांत केला जातो. आगगाडी, तारायंत्र व छापखाना यांची गणना 'सुधारणां'त होते. १८५७ चा उठाव राजकीय इतिहासाच्या वाट्याला जातो. ही विभागणी किती अपुरी आहे, हे दोन ग्रंथ एकत्र वाचल्यास ध्यानात येते.

गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावून तेव्हा दहाच वर्षे लोटली होती. वाढत्या शहराचे तपशील माडगावकर आस्थेने व कौतुकाने नोंदवितात. तथापि, ही यंत्रे कोणाच्या हुकमतीत आहेत, हा प्रश्न त्यांच्या लेखनात गौण ठरतो. राज्यकर्त्यांविषयीच्या कृतज्ञतेत तो विरून जातो.

वरसईचे विष्णुभट गोडसे यांचा अनुभव नेमका उलट आहे. द्रव्यार्जनासाठी १८५७ मध्ये उत्तरेकडे पायी निघालेल्या या भिक्षुकाला नवी तंत्रविद्या भेटते ती चरबी लावलेल्या काडतुसांच्या वार्तेतून आणि १८५८ मध्ये झाशीवर कोसळणाऱ्या तोफगोळ्यांतून. येथे यंत्र हे नवल नसून संकट आहे. धर्म आणि जीव या दोहोंवरचे. गोडसे यांनाही मर्यादा आहेत. राज्ये का बुडतात, याचा उलगडा ते दैवात शोधतात. तोफांमागील संघटित सामर्थ्याची मीमांसा ते करीत नाहीत.

या दोन ग्रंथांची प्रकाशनकथाही बोलकी आहे. माडगावकरांना मुद्रणाचे साधन सहज लाभले. गोडसे यांनी १८८३ मध्ये लिहिलेला वृत्तान्त मात्र १९०७ मध्ये, तोही चिंतामण विनायक वैद्य यांनी संस्कारित केलेल्या रूपात, छापला गेला. मूळ संहिता दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाने १९६६ मध्ये वाचकांपुढे आली. छापखाना उपलब्ध असणे आणि प्रत्येक साक्ष जशीच्या तशी छापली जाणे, या भिन्न गोष्टी होत.

म्हणूनच एकाला माहितीपर गद्य व दुसऱ्याला प्रवासवृत्त म्हणून वेगळे शिकविणे पुरेसे नाही. माडगावकर यंत्राचा लाभ दाखवितात, तर गोडसे त्याचा आघात. आधुनिकतेचे आकलन या दोन्ही साक्षींवाचून एकांगीच राहील.