मेकेदाटू प्रकल्पाचे आर्थिक मूल्यमापन : एक समीक्षा

बंगळुरूपासून सुमारे 100 किलोमीटरवर कावेरी नदीवर कर्नाटक सरकारने मेकेदाटू प्रकल्प प्रस्तावित केला आहे. 2019 मध्ये केंद्राला सादर झालेल्या अहवालानुसार साठवण क्षमता 67.16 टीएमसी, वीजक्षमता 400 मेगावॉट आणि खर्च सुमारे 9,000 कोटी रुपये. बंगळुरूच्या पिण्यासाठी 4.75 टीएमसी पाणी. पाणी आणि वीज यांचे लाभ एकाच बेरजेत मांडले, तर कोणता हेतू आपला खर्च भरून काढतो हे कळत नाही. या टिपणाचा मुख्य आक्षेप हाच आहे.

1. खर्चाची वाटणी
पिण्याचे पाणी साठवण क्षमतेच्या जेमतेम 7 टक्के आहे. तरी सगळ्या धरणाचे समर्थन शहराच्या तहानेवर केले जाते. प्रत्येक हेतूचा स्वतंत्र खर्च त्या त्या हेतूवर टाकावा आणि सामाईक खर्च उरलेल्या लाभांच्या प्रमाणात वाटावा. तसेच पाण्याचा लाभ सर्वांत स्वस्त पर्यायाच्या खर्चापेक्षा जास्त धरू नये. 4.75 टीएमसी म्हणजे दिवसाला सुमारे 37 कोटी लिटर. बंगळुरूचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोलारला नेणारी के. सी. व्हॅली योजनाच 44 कोटी लिटरसाठी आखलेली आहे. ते पाणी पिण्याचे नाही हे खरे; पण पुनर्वापर आणि गळती रोखणे यांच्याशी तुलना केल्याशिवाय पाण्याचा लाभ ठरवता येत नाही.

2. निव्वळ वीज
मेगावॉट ही क्षमता झाली. उत्पन्न युनिटमध्ये मोजतात. 30 टक्के भारांक धरल्यास 400 मेगावॉटपासून वर्षाला सुमारे 105 कोटी युनिट मिळतील. परंतु बंगळुरू पठारावर आहे. पाणी 500 मीटर चढवायचे आणि पंपांची कार्यक्षमता 75 टक्के असे धरले, तर 4.75 टीएमसीसाठी वर्षाला सुमारे 24 कोटी युनिट लागतील. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा वीज पाणी चढवण्यातच जाईल. ती वजा केल्याशिवाय लाभ लिहू नये.

3. प्रकल्पामुळे पडणारा फरक
तमिळनाडूला द्यायचे पाणी धरण नसतानाही वाहतेच. त्यामुळे त्या पाण्याचे संपूर्ण मूल्य प्रकल्पाच्या नावे जमा करता येत नाही. साठ्यामुळे बदलते ती पाणी सोडण्याची वेळ. लाभ त्या बदलाचाच मोजावा. खालच्या शेतकऱ्यांवर आणि मेट्टूर धरणावर होणारा परिणामही हिशेबात हवा. तो राज्याच्या सीमेवर थांबत नाही.

4. दर आणि जंगल
50 वर्षांच्या आयुर्मानावर 9,000 कोटींचा वार्षिक भार 5 टक्के दराने सुमारे 493 कोटी येतो, 10 टक्क्यांनी 908 कोटी. म्हणून एकाच दराने काढलेले लाभ-खर्च गुणोत्तर पुरेसे नाही. सुमारे 5,000 हेक्टर क्षेत्र बुडेल. त्याचा बहुतेक भाग कावेरी अभयारण्य व राखीव जंगल आहे. वनखात्याला भरावयाची रक्कम हे शुल्क आहे. तेवढीच जंगलाची किंमत मानणे चूक. धनंजयराव गाडगीळ यांनी 1948 च्या गोदावरी-प्रवरा कालव्यांच्या अभ्यासात सिंचनाचे अप्रत्यक्ष लाभ मोजले. अप्रत्यक्ष तोटेही त्याच काटेकोरपणे मोजावे लागतील.

निष्कर्ष
प्रकल्प तोट्याचा आहे, असे यावरून सिद्ध होत नाही. दुष्काळी वर्षांतला साठा मौल्यवान ठरू शकतो. मात्र त्यासाठी पाणी, वीज आणि नियमन यांचे तीन वेगळे ताळेबंद मांडावे लागतील.

सरावासाठी : भारांक 20 टक्के धरून निव्वळ वीज काढा.