झाडीपट्टीची रंगभूमी आणि आपली समीक्षा

दलित रंगभूमीची आपली चर्चा एका ठरावीक वाटेने जाते. सत्यशोधक जलसे, भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे, मग प्रेमानंद गज्वींचे ‘घोटभर पाणी’, दत्ता भगतांचे ‘वाटा-पळवाटा’, आणि शेवटी ‘दलित रंगभूमीपुढील प्रश्न’. वर्गात मीही याच क्रमाने शिकवतो. क्रम चुकीचा आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु या वाटेवर वडसा लागत नाही, आणि मी ज्या भिवापुरात वाढलो तेथून वडसा जवळजवळ नागपूरइतक्याच अंतरावर आहे. मी मात्र नागपूरकडे पाहत मोठा झालो. माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, दर दिवाळीनंतर उलट दिशेला जात. नागपूर-नागभीड ही नॅरोगेज गाडी 2019 मध्ये बंद झाली, तोवर आम्ही दोघेही तिचेच प्रवासी होतो. मी नागपूरकडे कॉलेजला, ते नागभीडला गाडी बदलून वडशाला. ते ढोलकी आणि तबला वाजवत.

वडसा, सरकारी नावाने देसाईगंज, हे गडचिरोली जिल्ह्यातील वैनगंगेच्या काठचे लहान शहर. येथे नाट्यगृहापेक्षा नाटक कंपन्यांच्या कार्यालयांना महत्त्व आहे. हंगाम जवळ आला की दुकानाएवढ्या गाळ्यांवर नाटकांचे फलक चढतात आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांतून व आमच्या पूर्व नागपूर भागातूनही मंडळांची माणसे येतात. तारीख, रक्कम, नट, नटी, कोणता विनोदी कलावंत, सारे तेथेच ठरते. धान घरात आले की मंडई आणि शंकरपट सुरू होतात आणि त्या निमित्ताने रात्रभर नाटक चालते. दिवाळी ते होळी हा हंगाम. गावचे मंडळ नाटक विकत घेते, तिकिटे विकते, नफा-तोटा सोसते. लेखक, नट, पेटीवाला, प्रकाशयोजनाकार, पडदेवाला यांपैकी अनेकजण हंगामात एकापेक्षा अधिक कंपन्यांशी बांधलेले असतात. हिशेब ‘नाईट’चा. आज या गावी, उद्या चाळीस कोस दूर.

या शहरातील कलावंतांचे परस्परसंबंध हा समीक्षेचा विषय होऊ शकतो, हे मला फार उशिरा कळले. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांचे कलाविश्वावरील पुस्तक 1982 चे. ते स्वतः शिकागोत पियानो वाजवत. कलाकृती एकट्या प्रतिभावंताची नसते, रंग तयार करणाऱ्यापासून तिकीट फाडणाऱ्यापर्यंत अनेकांच्या सहकार्याने ती उभी राहते, असे त्यांचे प्रतिपादन. वडशाच्या गल्लीत उभ्या असलेल्या कोणालाही हे पुस्तक न वाचता ठाऊक आहे. तालमीला वेळ नसतो, म्हणून प्रॉम्प्टरवर सारी भिस्त. नवा नट आदल्या दिवशी मिळालेला असला तरी नाटक उभे राहते, कारण खलनायक कुठे थांबतो, विनोदी पात्र कुठे शिरते, गाणे कुठे उचलायचे, हे संकेत सगळ्यांचे सामाईक आहेत. मोठेबाबा म्हणत, “नाटक पाठ नसते आपल्याले, मानूस पाठ असते.” बेकर यांच्या विवेचनात जे बसत नाही ते जातीचे. कोण कलावंत आणि कोण मदतनीस, हे आपल्याकडे पडदा उघडण्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते.

येथे घरची गोष्ट सांगणे भाग आहे. आजोबा डफडे वाजवत. गावच्या लग्नात, सणात आणि मंडईत वाजवणे हे गावकीचे काम होते. त्याला मोबदला नव्हता, हक्क नावाचे शिळे अन्न होते. 14 ऑक्टोबर 1956 ला ते नागपूरला गेले आणि परत आल्यावर डफडे खुंटीवरून उतरवले नाही. मोठेबाबांनी पुढे ढोलकी धरली तेव्हा आजोबा त्यांच्याशी दोन वर्षे नीट बोलले नाहीत. आम्ही सोडले तेच तू धरतोस, हा त्यांचा राग. मोठेबाबांचे उत्तर घरात अजून सांगितले जाते: “म्या दर ठरवून जातो, बाबा.”

या दोन माणसांतला वाद मला दलित सौंदर्यशास्त्रावरील कितीतरी लेखांपेक्षा मोलाचा वाटतो. दोघेही बरोबर होते. गावकीचे वाजवणे आणि नाईटचे वाजवणे यांत सूर तोच असेल, पण संबंध वेगळा आहे. वडशाच्या व्यवस्थेने बलुत्याच्या जागी दर आणला. ढोलकी चांगली वाजते की नाही एवढेच व्यवस्थापक पाहतो, कारण ती वाईट वाजली तर पुढच्या वर्षी ते गाव दुसऱ्या कंपनीकडे जाते. या अर्थाने वडशाचे कार्यालय आमच्या गावच्या पारापेक्षा मोकळे होते. बाजाराने सारे काही मुक्त केले असे म्हणण्याचा भोळेपणा मी करणार नाही. हंगाम बुडाला तर दराला कोणी वाली नसतो. 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शंकरपट थांबले, ते 2021 च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाले आणि 2023 मध्ये त्यांना कायद्याची शाश्वती मिळाली. मधल्या वर्षांत गावांनी मंडईच्या आधाराने नाटके धरून ठेवली. परंतु 2020 चा करोनाचा हंगाम कोणालाच धरून ठेवता आला नाही. त्या वर्षी मोठेबाबा आईबरोबर सातऱ्यावर मिरचीचे देठ खुडायला बसले. तबल्याची बोटे तिखटाने सोलून निघाली.

आता नाटकांविषयी. मी पाहिलेली बहुतेक नाटके जाहिरातीत ‘सामाजिक’ असतात, आणि ती खरोखर सामाजिक असतात. दारू, हुंडा, बुवाबाजी, कर्जबाजारी शेतकरी, सासू-सून. शहरी समीक्षकांनी ज्याला भडक म्हणून नाक मुरडले तेथे हजारो माणसे पहाटेपर्यंत थंडीत बसून रडतात. या रडण्याची मला थट्टा करवत नाही. पण त्यांत एक गोष्ट सतत निसटते. गरीब नायक आहे, मुजोर पाटील आहे, पाटलाच्या मुलीचे त्याच्यावर प्रेम आहे. नायकाचा वाडा मात्र कोणत्या टोकाला आहे, त्याच्या बापाला कोणत्या पाणवठ्यावर उभे राहू देत नाहीत, हे येत नाही. जात गरिबीच्या पदरात लपवली जाते.

हे लेखकांच्या भित्रेपणामुळे होते, असे आपले कार्यकर्ते म्हणतात. मला कारण व्यवस्थेत दिसते. नाटक विकत घेणारे मंडळ सबंध गावाचे असते. वर्गणी सर्व वाड्यांतून येते, तिकिटे सर्वांना विकायची असतात. गाव एक आहे, हे गृहीत धरल्याशिवाय हा व्यवहार चालत नाही. जे सहकार्य भिन्न जातींच्या माणसांना एका मंचावर आणते, तेच त्यांच्याकडून मौनाची किंमत घेते. झाडीपट्टीच्या समीक्षेने हे कोडे हाताळायला हवे होते. त्याऐवजी एका बाजूला लोककलेचे कोडकौतुक आणि दुसऱ्या बाजूला अश्लीलतेची तक्रार, एवढेच आपण लिहीत आलो. स्त्री कलावंतांविषयी तर ‘बाई नाचवतात’ यापलीकडे वाक्य जात नाही. नागपूरहून रात्रीचा प्रवास करून येणारी आणि घर चालवणारी ती कामकरी स्त्री आहे. तिच्या नृत्यासाठी शिट्ट्या वाजतात हे खरे, पण तिचा दर आणि तिच्या परतीची गाडी यांविषयी विचारणारा समीक्षक मला अजून भेटलेला नाही.

दुसरे जाळे आपले. होळीला झाडीपट्टीचा हंगाम संपतो आणि लगेच 14 एप्रिलची तयारी सुरू होते. वस्त्यावस्त्यांत भीमगीतांचे कार्यक्रम होतात. वामनदादा कर्डकांनी ज्या परंपरेला आयुष्य दिले ती येथे अजून जिवंत आहे. मार्चपर्यंत पाटलाच्या मुलीच्या विरहगीताला ठेका देणारा तबलजी एप्रिलमध्ये भीमगीताला ठेका देतो. मोठेबाबांनी अनेक वर्षे हेच केले. तेथे जातीचा उच्चार मोकळा आहे, पण समोर बसलेला श्रोता आधीच आपला आहे. ज्याला ऐकवायचे तो तेथे येत नाही. तो मंडईत येतो. आपल्या विचाराला आपली वस्ती मिळाली, आणि गाव वडशाकडे राहिले.

गज्वी चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिंपळगावचे, म्हणजे झाडीपट्टीच्याच मुलखातले. 2019 मध्ये नागपूरला भरलेल्या 99 व्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा आम्हा सर्वांना अभिमान वाटला. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना झाडीपट्टीच्या सेवेसाठी पद्मश्री मिळाली, तेव्हाही झाडीपट्टीभर आनंद झाला. एकाच मातीतली ही दोन नावे आपल्या एकाही चर्चासत्रात मी शेजारी ऐकलेली नाहीत. एकाचा मार्ग मुंबईतून गेला, दुसऱ्याचा गावोगावच्या मंडपांतून. दोन्ही वाटांवर चालणारा वादक मात्र कोणत्याच इतिहासात नाही. जाहिरातपत्रकावर नट, नटी, लेखक, निर्माता यांची नावे आणि छायाचित्रे असतात. संगीताच्या रकान्यात पेटीवाल्यापर्यंत नाव पोचते. मोठेबाबांजवळ जुन्या पत्रकांची एक वळकटी आहे. मी ती उलगडून पाहिली. त्यांचे नाव दोनदा आहे, त्यातले एकदा चुकीचे.

दोष कंपन्यांना देऊन मी सुटू शकत नाही. एम.ए. ला मी दलित रंगभूमीवर शंभर पानांची प्रबंधिका लिहिली. ऋणनिर्देशात प्राध्यापक होते, ग्रंथपाल होते, टंकलेखकसुद्धा होता. ज्यांनी दोन हंगामांच्या नाईटमधून माझी फी भरली त्या ढोलकीवाल्याचे नाव नव्हते. ‘झाडीपट्टी’ हा शब्द तिच्यात एकदाच येतो, ‘निव्वळ करमणूकप्रधान’ या विशेषणासह.

गेल्या पावसाळ्यात आमच्याजवळच्या एका गावातील तरुण मंडळाने मला नाटक लिहून मागितले. मंडळात आपल्या वस्तीतली तीन मुले आहेत. कथा त्यांना आवडली. एका प्रवेशात नायकाचे संपूर्ण नाव उच्चारले जाते, तेवढे काढा, असे इतरांचे म्हणणे पडले. आडनाव ऐकले की एक वाडा तिकीट घेणार नाही, आणि तोटा झाला तर भरणार कोण? ती तीन मुले गप्प होती. मी संतापून वही घेऊन घरी आलो. मोठेबाबांनी ओट्यावर सगळे ऐकून घेतले. तत्त्वाची गोष्ट आहे, तडजोड नाही, असे बरेच काही मी बोलत होतो.

“त्या तिघायले इचारलं का तू?” ते म्हणाले. “तू लिवून नागपूरले जाशीन. मंडईच्या दुसऱ्या दिवशी त्याच गावात रायाचं हाय त्यायले.”

मी विचारले नव्हते. रविवारी जाणार आहे. वही अजून माझ्याजवळ आहे, आणि आडनाव अजून खोडलेले नाही.